कृष्णाबाईंच्या मागे मागे

त्या वर्षांत आमच्या घरात सगळेच थकलेले असत आणि कुणी कुणाला तसं सांगत नसे. बाबा कंप्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात बारा बारा तासांच्या पाळ्या करायचे. चार दिवस कामावर, चार दिवस घरी, आणि घरचे चार दिवस झोपण्यातच संपायचे. कुणी विचारलं की कसे आहात, तर "ग्रँड" म्हणायचे. मजेत या अर्थी इथे सगळेच तसं म्हणतात, पण बाबांच्या तोंडी त्या शब्दाला जांभई चिकटलेली असायची. आई डबे करायची. नाशिकला ती शाळेत गणित शिकवत होती. इथे आल्यावर पहिली दोनेक वर्षं तिनं आता काय करावं याचा विचार करण्यात घालवली आणि नंतर विचाराला वेळच उरू नये अशी सोय करून घेतली. मी शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत होते. मला थकायचा हक्क नव्हता, तरी मी थकायचेच.

ॲडम्सटाउनला दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट होता. बाल्कनीतून समोरच रेल्वेचे रूळ दिसायचे. काही गाड्या आमच्या स्टेशनवर थांबायच्या, आणि लांब पल्ल्याच्या सगळ्या न थांबता आमच्या काचा थरथरवून पुढे जायच्या. सकाळी आई दोन भल्यामोठ्या पिशव्या घेऊन थांबणारी गाडी पकडायची आणि ग्रँड कॅनाल डॉकला उतरून तिथल्या ऑफिसांतल्या आपल्याकडच्या पोरांना डबे द्यायची. ती पोरं सायकलवरून यायची, हेल्मेट न काढताच डबा घ्यायची आणि आईला 'काकू' म्हणायची. आईला त्यांचं फार वाटायचं. कोण बारीक झालाय, कोणाचं लग्न मोडलंय, हे सगळं ती घरी येऊन सांगायची. मी ऐकायचे आणि इंग्रजीत उत्तर द्यायचे. ती मराठीत बोलायची, मी इंग्रजीत, आणि आमचं दोघींचंही काही अडत नसे. आज हे सगळं मी मराठीत लिहायला बसले आहे हे तिनं पाहिलं असतं तर आधी ऱ्हस्व-दीर्घ तपासले असते.

आमच्या घरातली सगळ्यात उबदार जागा म्हणजे हॉट प्रेस. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि ज्या कपाटात गरम पाण्याची टाकी असते ते हॉट प्रेस. लोक त्यात टॉवेल आणि चादरी ठेवतात. आमच्याकडे चादरींच्या वर झाकण ठेवलेलं एक स्टीलचं भांडं असायचं, विरजण लावलेल्या दुधाचं. बाहेर पाऊस असो, गारठा असो, त्या कपाटात दही घट्ट लागायचं, सुरीनं कापावं असं. आमच्या चादरींना कायम किंचित आंबूस वास यायचा आणि शाळेत माझ्या शेजारच्या मुलीनं एकदा तो ओळखलाही होता. पण दह्यावाचून आईचं चालत नसे, कारण घरातून महत्त्वाच्या कामाला निघणाऱ्याच्या तळहातावर ती चमचाभर दही-साखर ठेवायची. परीक्षा, मुलाखत, विमान, बाबांचा नव्या पाळीचा पहिला दिवस. दही खाऊन गेलेलं माणूस काम करून सुखरूप घरी येतं, असा तिचा हिशेब होता. गणिताच्या बाईंना या हिशेबाचा पुरावा लागत नसे. मी हात चाटत जिना उतरायचे आणि उरलेला चिकटपणा युनिफॉर्मच्या स्कर्टला पुसायचे.

अस्वल आमच्या घरात आलं ते पिठामुळे. आई संध्याकाळी दुसऱ्या दिवशीची तयारी करायची आणि मसाल्याच्या डब्याला टेकवून टॅबवर कसले कसले पाककृतींचे व्हिडिओ बघायची. एकदा एका पालकाच्या भाजीचा व्हिडिओ संपला आणि टॅबनं आपण होऊन पुढचा लावला, त्यात एक काळंभोर अस्वल दगड उलटून मुंग्या खात होतं. आईचे दोन्ही हात कणकेत होते म्हणून तिला तो बंद करता आला नाही, आणि हात धुऊन होईपर्यंत त्या अस्वलाच्या पोटाखालून एक पिल्लू बाहेर आलं होतं. मग बंद करायचा प्रश्नच उरला नाही.

अमेरिकेतल्या कुठल्याशा जंगलात एक बाई त्या अस्वलिणीच्या मागे मागे चालायची. तिचा चेहरा आम्ही कधीच पाहिला नाही. तिचे बूट दिसायचे, कधी हात, आणि सतत तिचा श्वास ऐकू यायचा. आवाजावरून ती साठीची तरी असावी. अंतर राखून चालायची, अस्वलाला कळावं म्हणून अधूनमधून जिभेनं टक टक करायची, आणि काही बोलायची नाही. तासभराच्या व्हिडिओत फारसं काही घडायचंच नाही. अस्वल गवत खायचं, बसायचं, खाजवायचं, पुढे जायचं. पिल्लू मागे राहायचं, मग धापा टाकत धावायचं. आईनं अस्वलिणीचं नाव ठेवलं कृष्णाबाई आणि पिल्लाचं गोट्या. कृष्णाबाईंना ती अहोजाहो करायची. "आज त्यांचा उपास दिसतोय," म्हणायची, "नुसता पाला चाललाय सकाळपासून." बुटांतल्या बाईची मात्र तिला काळजी वाटायची. या वयात दगडधोंड्यांतून हिंडते, गुडघे कुरकुरत असतील, घरी वाट बघणारं कुणी नाही का हिला, असं मेथी निवडता निवडता विचारत राहायची. आता माझे स्वतःचे गुडघे कुरकुरतात तेव्हा मला त्या बाईचे बूट आठवतात.

मी अभ्यासाची वही घेऊन त्याच टेबलाशी बसायचे. बाबा घरी असले तर उठून येऊन पाठीमागे चहा घेत उभे राहायचे. त्या घरात आम्ही तिघं एकत्र, एकाच दिशेला तोंड करून, गप्प असे फक्त तेव्हाच असायचो. मधूनच एखादी गाडी जायची, टॅब हलायचा, आणि कृष्णाबाई पुढे चालू लागायच्या. एकदा गोट्या लंगडताना दिसला तर आईनं मीठ-मोहऱ्या घेऊन टॅबवरून ओवाळल्या, त्याची दृष्ट काढली. सगळं जग बघतं पोराला, असं तिचं म्हणणं होतं. त्या मीठ-मोहऱ्या तव्यावर टाकल्या तेव्हा धूर होऊन आमच्या जिन्यातला अलार्म वाजला आणि चारी मजल्यांवरची माणसं थंडीत पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिली. आईनं सगळ्यांना सांगितलं की फोडणी करपली. पुढच्या व्हिडिओत गोट्या नीट चालत होता, तेव्हा तिनं बाबांकडे नुसतं बघितलं.

हिवाळ्यात अस्वलं झोपली आणि आम्हाला करमेनासं झालं. वसंतात दोघं पुन्हा बाहेर आली तेव्हा गोट्या चांगला थोराड झाला होता, पण चालायचा मात्र आईच्या शेपटीला चिकटून. माझंही वेगळं काही नव्हतं. बाबांची रात्रपाळी असली की मी अजून आईच्या खोलीत झोपायचे. डॉक्टरकडे माझं दुखणं आईच सांगायची, तिच्या मोडक्या इंग्रजीत, आणि जिच्या तोंडी इंग्रजीशिवाय दुसरी भाषाच नव्हती ती मी शेजारी गप्प बसायचे. हे आता लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मला जगाची खरोखरच भीती वाटायची.

माझी शाळेची शेवटची परीक्षा चालू होती त्याच आठवड्यात ते घडलं. नेहमीसारखा व्हिडिओ सुरू झाला. कृष्णाबाई एका उताराशी चरत होत्या, गोट्या मागून आला. त्या वळल्या आणि फुत्कारत, जबडा वाजवत थेट त्याच्या अंगावर धावून गेल्या. गोट्या घाबरून झाडावर चढला. आम्हाला वाटलं, दुसरं काही जनावर आलं असेल, आई पिल्लाला वर पाठवतेय. पण दुसरं कुणीच नव्हतं. त्या जरा लांब गेल्या, गोट्या हळूच उतरला, मागे निघाला, आणि त्या पुन्हा धावून आल्या. असं कितीतरी वेळ चाललं. शेवटी तो झाडाच्या शेंड्याशी बसून रडायला लागला. अस्वलाचं पिल्लू रडतं हे मला तोवर माहीत नव्हतं, आणि ते माणसासारखं रडतं हेही. कृष्णाबाई मागे न बघता चालत्या झाल्या. बुटांतली बाई तिथेच थांबली, तिला कुणाच्या मागे जावं ते कळेना, आणि मग ती पहिल्यांदाच आमच्याशी बोलली.

आईनं विचारलं, काय म्हणाली ती. मी सांगितलं की हे असंच असतं, दुसऱ्या उन्हाळ्यात आई पिल्लाला हाकलून देते, आता तो एकटा राहील. का, ते मी खालच्या कॉमेंट्समध्ये वाचलं होतं पण आईला सांगायची लाज वाटली. बाबा चहाच्या कपातून म्हणाले, तिला दुसरा संसार मांडायचाय. आईनं टॅब पालथा घातला. "असली कसली आई," ती म्हणाली. "खायला नाही घालायचं तर नको घालू. मारायचं कशाला?" त्या संध्याकाळी तिचे डोळे भरून येत होते आणि पोळ्या करपत होत्या, आणि तिनं कृष्णाबाईंचं नाव पुन्हा काढलं नाही.

मला मार्क बेताचे पडले. हव्या त्या कोर्सला प्रवेश मिळाला नाही. किलकेनीच्या बाहेर एका वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून काम आणि त्याबरोबर शिक्षण, पुढे जमलं तर नर्सिंग, असा रस्ता निघाला. बाबांना तो फारसा रुचला नाही, पण ते ग्रँड म्हणाले. आईनं माझ्या तळहातावर दही ठेवलं आणि बरोबर आठवड्याचे डबे दिले. किलकेनीची गाडी आमच्या स्टेशनवर थांबत नाही. उलटं शहरातल्या ह्यूस्टन स्टेशनला जायचं, तिथून किलकेनीची गाडी पकडायची, आणि मग ती गाडी आमच्याच घरासमोरून सुसाट निघून जायची. दर शुक्रवारी मी घरी यायचे, दर रविवारी दही चाटून निघायचे, आणि घर मागे पडलं की रडायचे. सोमवारपासून शुक्रवारची वाट बघायची. हे आयुष्य नव्हतं, पण मी ते तसंच कितीही दिवस रेटलं असतं.

त्या आश्रमात नोरा नावाची एक आजी होती. नव्वदीची असेल. माझं शलाका हे नाव तिला जमायचं नाही, म्हणून मला ती 'पेट' म्हणायची, इथे लाडानं बाळाला म्हणतात तसं. भरवताना माझं मनगट धरून ठेवायची. नोव्हेंबरात एका पहाटे ती गेली. पाळीवरच्या नर्सनं खिडकी उघडली. जीव बाहेर जावा म्हणून उघडायची असते, ही इथली रीत. मग तिनं मला कोमट पाणी आणायला सांगितलं. आम्ही दोघींनी नोराला धुतलं, केस विंचरले, चांगला झगा घातला. मग मी बाकीच्यांना सकाळचा चहा दिला. पाळी संपल्यावर मात्र मी खोलीवर गेले, सगळं सामान बॅगेत कोंबलं आणि कुणाला काही न सांगता स्टेशनवर आले.

आईनं दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं. मी दारातच सांगितलं की नोरा गेली आणि मी तिला धुतलं. आईनं आधी मला सरळ न्हाणीघरात पाठवलं, डोक्यावरून आंघोळ कर म्हणाली, कशाला हात लावू नकोस. आंघोळ झाल्यावर ओल्या केसांना सुका टॉवेल हवा म्हणून मी हॉट प्रेस उघडलं. वर दह्याचं भांडं होतं, झाकण सरकलेलं. दही सुरेख लागलं होतं, वर पाण्याचा टिपूससुद्धा नव्हता. मला फार बरं वाटलं. घरी आले, असं वाटलं. मग गरम वरणभात खाल्ला आणि आईच्या पलंगावर झोपून गेले.

आईनं हलवून उठवलं तेव्हा बाहेर अंधारून येत होतं. ऊठ, गाडी आहे, म्हणाली. मी म्हटलं, "मी नाही जाणार परत." हे मी मराठीत म्हटलं, ठरवून नव्हे, इंग्रजी बोलायचीही ताकद नव्हती. मी म्हटलं की मी इथेच राहते, तुझ्याबरोबर डबे करते, पिशव्या मी उचलेन, तू दमतेस. शेजारच्या खोलीत बाबा रात्रपाळीसाठी झोपले होते म्हणून आम्ही हळू आवाजात बोलत होतो. आईनं विचारलं, नोराला धुतलंस तेव्हा भीती वाटली का. मी म्हटलं, नाही, तेव्हा नाही वाटली. नीट केलंस सगळं? हो. केस विंचरलेस? हो. ती पलंगाच्या कडेला बसली. तिच्या बोटांना पीठ लागलेलं होतं, नखांच्या कडेला सुकलेलं. मग उठून तिनं माझी बॅग उचलली आणि दारात नेऊन ठेवली.

"माझ्याकडे तुझ्यासाठी काम नाही," ती म्हणाली. "जी पोरगी मेलेल्या माणसाचे केस न घाबरता विंचरते, तिला मी पोळ्या लाटायला बसवू? मी बसलेय तेवढं पुरे."

मी रडले. तिनं माझा कोट माझ्या अंगावर चढवला, अगदी लहानपणी चढवायची तसा, फक्त जरा दांडगाईनं. मी म्हटलं, निदान शुक्रवारपर्यंत राहू दे. नाही म्हणाली. आणि येत्या शुक्रवारी यायचं नाही, त्याच्या पुढच्याही नाही, नाताळात ये. तिनं दार उघडून धरलं. मला तिचा संताप आला होता, पण सवय वाईट. दारात उभं राहून मी उजवा तळहात पुढे केला. आईनं त्या हाताकडे पाहिलं.

"दही लागलं नाही आज," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

मी जिन्यात उभी राहिले. मघाशी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं भांडं मला दिसत होतं. आईला खोटं बोलता येत नाही असं मी अठरा वर्षं धरून चालले होते. ह्यूस्टनला जाऊन किलकेनीच्या गाडीत बसले ती एखादं सामान ठेवावं तशी. ॲडम्सटाउन आलं तेव्हा मला बघायचं नव्हतं, पण पाहिलंच. आमच्या स्वयंपाकघराचा दिवा लागला होता आणि आई बाल्कनीत उभी होती, स्वेटरही न घालता. मी कुठल्या डब्यात आहे हे तिला कळणार नव्हतं. ती पुढच्या डब्यापासून शेवटपर्यंत मान वळवत प्रत्येक खिडकी बघत होती. क्षणभरात ती मागे पडली.

आश्रमात सगळे समजले की मी पाळी संपल्यावर घरी जाऊन आले, आणि कुणी काही विचारलं नाही. नोराच्या खोलीत दुसरे एक आजोबा आले होते. त्यांना दाढी करून हवी होती. मी ती केली.

आईशी बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. रविवारी तिचा फोन आला. मी उचलला. तिकडे कुकरची शिट्टी झाली, गाडी गेली. मग ती म्हणाली, "गोट्या दिसला आज. त्या बाईला सापडला ओढ्याकाठी. चांगला जाड झालाय." म्हणजे उन्हाळ्यापासून ती एकटीच बघत होती तर. मी विचारलं, आणि कृष्णाबाई? त्या पण बऱ्या आहेत, म्हणाली, जरा वाळल्यात. मग भाजी लागेल म्हणून तिनं फोन ठेवला.

मला अस्वलाची आणि आईची सांगड घालायची नाही. आईला ते मुळीच आवडलं नसतं, ती म्हणाली असती की मी कधी कुणाला झाडावर चढवलं नाही. पुढे मी नर्स झाले, याच देशात चाळीसएक वर्षं माणसांचे केस विंचरले, आणि दमून घरी आल्यावर मला अनेकदा वाटलं की त्या संध्याकाळी मी जिन्यातून परत वर जाऊन दार वाजवलं असतं तर आईनं ते उघडलं असतं. नक्की उघडलं असतं. म्हणूनच बरं झालं, मी वाजवलं नाही. तिच्या अंगात तेवढं एकदाच करण्याचं बळ होतं.

नाताळात मी घरी गेले. चार दिवस तिनं मला खाऊ घातलं, केसांना तेल लावलं आणि त्या दिवसाचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. निघताना मी मुद्दाम दोन्ही हातांत पिशव्या धरल्या होत्या. आईनं माझ्या उजव्या हातातली पिशवी काढून खाली ठेवली, हॉट प्रेसमधून भांडं आणलं आणि तळहातावर दही ठेवलं, एक चमचा, मग त्यावर आणखी एक. ते बोटांतून मनगटावर ओघळायला लागलं. तिनं पदराच्या टोकानं माझं मनगट पुसलं आणि वर न बघता म्हणाली, "त्या दिवशी लागलं होतं गं."

"मला माहीत होतं," मी म्हटलं, आणि दही खाल्लं.